शाळेच्या जुन्या स्काऊट पथकाचा इतिहास कसा जुळवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडमधल्या तुमच्या शाळेचं स्काऊट पथक ‘स्वातंत्र्याआधीपासून’ चालू आहे असं सगळे सांगतात. स्मरणिका काढायची आहे. हाताशी फ्रेममधला एक ग्रुप फोटो, दोन स्कार्फ आणि रद्दीत जाता जाता वाचलेली हिशेबाची वही एवढंच आहे. स्थापनेचं वर्ष कसं ठरवायचं आणि बाकीचं कुठे शोधायचं?

माझा पहिला सल्ला: स्थापनेचं वर्ष सगळ्यात शेवटी ठरवा. बहुतेक स्मरणिका इथेच फसतात. आधी वर्ष ठरतं, मग पुरावे त्या वर्षाला चिकटवले जातात. त्याऐवजी आधी हे शोधा की पथक त्या-त्या काळात कोणत्या संघटनेकडे नोंदलेलं होतं. 1950 पूर्वी ‘स्काऊट’ म्हणजे एकच संस्था नव्हती, आणि कागद कुठे मिळतील हे संस्थेवरच अवलंबून आहे.

पार्श्वभूमी एवढी लक्षात ठेवा. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तो ऑगस्ट 1907 मध्ये. भारतात पहिलं पथक 1909 मध्ये बंगळूरला निघालं आणि लगोलग मुंबई, खडकी, लोणावळा अशा ठिकाणीही पथकं झाली, पण ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. आपल्या मुलांना दार उघडलं ते वेगळ्या वाटेनं. ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासला 1916 च्या सुमारास इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन काढली. अलाहाबादला मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. 1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ बॉय स्काऊट्स असोसिएशनमध्ये मिळाली. सेवा समितीवाले बाहेरच राहिले. 1938 मध्ये नाराज मंडळींनी एकत्र येऊन हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन केली. शेवटी 7 नोव्हेंबर 1950 ला या संघटना भारत स्काऊट्स अँड गाइड्समध्ये विलीन झाल्या, आणि 15 ऑगस्ट 1951 ला गर्ल गाइड्सही आल्या.

म्हणजे एखाद्या मराठी शाळेचं पथक ‘1912 चं’ असल्याचा दावा ऐकलात तर त्यावर ठळक प्रश्नचिन्ह लावा. आणि 1940 च्या दशकातलं पथक असेल तर ते बॉय स्काऊट्सचं की हिंदुस्थान स्काऊट्सचं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दोन्हीकडचे लोक स्वतःला नुसतं ‘स्काऊट’च म्हणवत.

आता बिल्ला पाहा. स्कार्फवर, टोपीवर किंवा खिशावर कापडी वा धातूचं चिन्ह असेल तर भिंगातून बघा. तीन पाकळ्यांच्या फुलावर त्रिदल (तीन पानांचं, गाइड्सचं चिन्ह) आणि मध्ये अशोकचक्र असेल तर तो भारत स्काऊट्स अँड गाइड्सचा, म्हणजे 1950 नंतरचा. चक्र नसलेलं नुसतं फूल असेल तर तो आधीचा असू शकतो; मात्र शाळांनी जुने बिल्ले पुढेही वापरले, त्यामुळे केवळ बिल्ल्यावरून संपूर्ण फोटोची तारीख ठरवू नका.

पत्रांचे मथळेही खूप बोलतात. ‘बॉम्बे स्टेट’ असेल तर पत्र 1 मे 1960 पूर्वी छापलेल्या कागदावरचं; ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर त्यानंतरचं. पत्त्यात ‘दादर, मुंबई 28’ असा दोन आकडी विभाग असेल तर तो पिनकोडच्या आधीचा, म्हणजे 15 ऑगस्ट 1972 पूर्वीचा. ‘400028’ असेल तर नंतरचा. छापलेले कागद संपेपर्यंत वापरले जात, म्हणून एक-दोन वर्षांची ढील धरा. आणखी एक गोष्ट: मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं. त्याआधीचे कागद मुंबईच्या नावाखाली सापडले नाहीत म्हणून थांबू नका, ठाण्याच्या नावाखाली शोधा. गावाचं उपनगर झालं की पथकाची स्थानिक संस्थाही बदलू शकते, आणि साखळी तुटल्यासारखी दिसते ती बऱ्याचदा इथेच.

तुमच्याकडची हिशेबाची वही मात्र या सगळ्यापेक्षा मोलाची आहे. तीत कॅम्पच्या शिध्याचं पान नक्की असेल: तांदूळ, तूरडाळ, कांदे-बटाटे, गूळ, चहापूड, रॉकेल, पेट्रोमॅक्सची जाळी, टेम्पो किंवा रेल्वेभाडं. बेरजेचे आकडे कसे लिहिलेत ते पाहा. ‘41-6-3’ असं तीन खणांत असेल तर ते रुपये-आणे-पै. खात्री करायला मधला रकाना पूर्ण खाली वाचत जा: आणे कधीच 15 च्या वर जाणार नाहीत आणि पै कधीच 11 च्या वर नाही. तसं असेल तर हिशेब 1 एप्रिल 1957 पूर्वीचा, किंवा फार तर त्यानंतर लगेचचा. ‘न. पै.’ किंवा ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर 1957 ते 1964 च्या दरम्यानचा. बोलण्यात ‘चार आणे, आठ आणे’ पुढे कित्येक वर्षं राहिले, त्यामुळे कुणाच्या तोंडी आठवणीतले आणे पुरावा म्हणून धरू नका. लिहिलेला तीन खणी हिशेबच धरा.

वजनांचंही तसंच. शेर आणि मण असतील तर साधारण 1960 पूर्वीचा काळ, किलो असतील तर नंतरचा. पण शेरावरून ‘कॅम्पला किती मुलं होती’ हे काढायला जाऊ नका. पक्का शेर 80 तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. वहीत नुसतं ‘शेर’ असतं आणि मुलांचा आकडा तिप्पट चुकतो. मुलांची संख्या जमेच्या बाजूवरून काढा: कॅम्प फी किती ठरली आणि एकूण किती जमा झाली. पथकात साधारणपणे 12 ते 32 मुलं असतात, 6 ते 8 मुलांचा एक संघ. उत्तर 70 आलं तर दोन पथकं होती, किंवा गाइड्स (मुली) आणि कब (लहान मुलं) हेही बरोबर होते, किंवा ती फी कॅम्पची नसून सगळ्या शाळेच्या मेळाव्याची आहे.

‘खरी कमाई’ची, म्हणजे मुलांनी कामं करून पथकासाठी पैसे मिळवण्याच्या उपक्रमाची पानं असतील तर ती वेगळी काढून ठेवा. मुलांनी कुणाच्या घरी, कोणत्या दुकानात काय काम केलं आणि किती पैसे मिळाले, यावरून त्या काळचं मुलुंड डोळ्यांपुढे उभं राहतं. स्मरणिकेत पाहुण्यांच्या भाषणांना चार पानं जातात आणि खऱ्या कमाईला दोन ओळी. माझ्या मते हे उलट व्हायला हवं.

फोटोकडे वळू. खाकी हाफपँटमधली मुलं म्हणजे स्काऊट, असं समजू नका. 1941 नंतर राष्ट्र सेवा दल होतं, 1948 नंतर एनसीसी आली, शाळांतून एसीसी (ऑक्झिलरी कॅडेट कोअर) होती, पुढे आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) आली. पन्नास-साठ वर्षांनी लोक ही सगळी पथकं एकमेकांत मिसळतात, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. स्काऊटची खूण म्हणजे गळ्यातला त्रिकोणी स्कार्फ आणि तो अडकवणारा वॉगल, खांद्याजवळ संघाच्या रंगीत पट्ट्या, हातात लाठी आणि तीन बोटांचा सॅल्यूट. डाव्या हातानं हस्तांदोलन दिसलं तर शंकाच नको. फक्त एक खबरदारी घ्या: पुष्कळ जुने फोटो निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले असतात. त्यासाठी शर्टाची बटणपट्टी बघा. मुलांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते. फोटोत उलटं दिसलं तर फोटो उलटा आहे. सॅल्यूटवरून हे ठरवू नका, कारण लाठी हातात असताना जुन्या पद्धतीत डावा हात छातीसमोरून नेऊन सॅल्यूट देत.

शिक्षकांच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लहान लाकडी मणी दिसले तर ते वुड बॅज (पथक चालवणाऱ्यांच्या प्रगत प्रशिक्षणाचा बिल्ला) मिळवलेले स्काऊटर. अशा माणसानं कोर्स कुठे आणि कधी केला, हे घरच्यांकडच्या प्रमाणपत्रावर असतं. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे, म्हणून पचमढीचा एखादा फोटो त्या घरी असू शकतो.

फोटोतल्या पाटीवर ‘1956-57’ असेल तर ते शालेय वर्ष. डिसेंबरचा कॅम्प 1956 चा आणि 22 फेब्रुवारीचा चिंतन दिन (बेडन-पॉवेल यांचा जन्मदिन) 1957 चा. हे साधं वाटतं, पण स्मरणिकेत एकच कार्यक्रम दोन वर्षांत दोनदा छापला जातो तो याच गोंधळामुळे.

नावं लावायची पद्धत अशी ठेवा: फोटोची ए-4 आकाराची प्रत काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आकडे घाला, मागची रांग आधी, डावीकडून उजवीकडे. मग ती प्रत दोन माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळी दाखवा. एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं ऐकून दुसरा मान डोलावतो. दोघांची नावं जुळली तर छापा; एकानंच सांगितलं तर नावापुढे तसं लिहा.

शाळेच्या ऑफिसात ‘स्काऊटची फाइल’ मागितलीत तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. फाइल मागू नका, रजिस्टरं मागा. डेडस्टॉक रजिस्टर सगळ्यात आधी: तंबू, लाठ्या, बिगूल, ड्रम, ध्वज, प्रथमोपचार पेटी विकत घेतल्याची तारीख, दुकान आणि किंमत तिथे असते, आणि नंतर ‘निर्लेखित’ केल्याची नोंदही. 12 लाठ्या एकदम घेतल्या असतील तर त्या वर्षी पथक उभं राहिलं किंवा नव्यानं उभं राहिलं, असा अंदाज बांधता येतो. मग आवक-जावक रजिस्टरमधून नोंदणी फीची पत्रं शोधा. पथकाची नोंदणी दरवर्षी नव्यानं करावी लागते, त्यामुळे सलग नोंदी म्हणजे पथक जिवंत असल्याचा सर्वात भक्कम पुरावा. शेरेबुकात शिक्षणाधिकाऱ्यांनी स्काऊटबद्दल एखादं वाक्य लिहिलेलं असतं. ते शब्दशः उतरवून घ्या. शिक्षकांचं मस्टर पाहिलंत तर स्काऊट मास्तर कोणत्या महिन्यात रुजू झाले आणि कधी गेले हे कळतं. पथक बहुतेक वेळा एका माणसाच्या जिवावर चालतं, आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की पुढची दोन-चार वर्षं कोरी दिसतात.

जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर उत्तम, पण त्यात जात, पत्ता, पालकांची माहिती असते. ते स्वतः चाळू नका. क्लार्कना नावांची यादी द्या आणि फक्त प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख मागा.

माजी स्काऊटांना भेटताना ‘पथक कधी सुरू झालं?’ असं विचारू नका. ते तुम्हाला ऐकीव वर्ष सांगतील. तुम्ही कितवीत होता, वर्गशिक्षक कोण, संघाचं नाव काय, संघनायक कोण, स्कार्फचा रंग कोणता, बिनभांड्याच्या स्वयंपाकात काय केलं, शेकोटीला कोणती नक्कल केली, असं विचारा. मग वर्ष तुम्ही काढा. समोरच्या आजोबांनी 1962 ला मॅट्रिक केलं असेल तर ती अकरावी. आठवीत ते 1958-59 ला होते. दहावीची पहिली एसएससी बॅच 1975 ची, तेव्हा त्यानंतरच्यांचा हिशेब एक वर्षानं बदलतो. शिवाय एखादं वर्ष गेलेलं असू शकतं आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून जनरल रजिस्टरशी ताळा घ्या. काही आठवणी तारखेला आपोआप बांधल्या जातात: 1965 आणि 1971 चा ब्लॅकआउट, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, मे 1974 चा रेल्वे संप. ‘कॅम्प ब्लॅकआउटच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाला चटकन उत्तर मिळतं.

घरी गेलात की संघाची वही आहे का, हे आवर्जून विचारा. संघनायक हजेरी, सभेचा वृत्तांत, गाठी आणि मार्गखुणांची चित्रं, हाइकचा नकाशा त्यात काढत. शाळेनं रद्दी काढली तरी ही वही घरात माळ्यावर राहते. प्रमाणपत्रंही बघा: प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येकावर तारीख, सही आणि पथकाचं नाव असतं. मात्र पथक क्रमांकावरून वय काढू नका. खंड पडून पुन्हा नोंदणी झाली की क्रमांक बदलू शकतो.

मुंबईत बाहेरचे कागद तीन-चार ठिकाणी शोधा. शिवाजी पार्कला भारत स्काऊट्स अँड गाइड्सचं पॅव्हेलियन आहे. दादरला चौकशीची सुरुवात तिथून करा आणि जाताना पथकाचं नाव, संशयित वर्षं आणि स्काऊट मास्तरांचं नाव लिहून न्या. ‘आमच्या पथकाचं काही आहे का’ एवढ्यावर कुणीच काही शोधू शकत नाही. पथक रेल्वे कॉलनीतलं असेल तर मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या स्वतंत्र राज्य शाखा आहेत; तिथे विचारा. 1947 पूर्वीच्या सरकारी फायलींसाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला पुराभिलेख विभाग. शिक्षण खात्याच्या सूचीत बॉय स्काऊट्स हा विषय बघा. वर्तमानपत्रांसाठी दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. पूर्ण वर्षाचे अंक चाळत बसू नका. 22 फेब्रुवारी, 15 ऑगस्ट, 7 नोव्हेंबर यांच्या पुढचे चार-पाच दिवस आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा बघा. कात्रणावर तारीख नसेल तरी मदत होते: लोकसत्ता जानेवारी 1948 ला सुरू झाला, महाराष्ट्र टाइम्स जून 1962 ला. मागच्या बाजूची जाहिरात किंवा सिनेमाचं नाव तर वर्षच सांगून जातं.

हाती आलेलं जपायचं कसं, हेही सांगतो, कारण मुंबईच्या पावसात एका चुकीनं सगळं जातं. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, त्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट बाजूच्या नैसर्गिक उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, आपल्या मागे काळं कापड धरून फोटो घ्या. सुटे फोटो 600 डीपीआय, कागद 300 डीपीआय स्कॅन करा. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत छपाईला वापरू नका. हे काम ऑक्टोबर ते मे या काळात उरका. स्कार्फ धुऊ नका, रंग उतरतो. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका.

लिहायला घेताना एक तक्ता करा: वर्ष, घटना, पुरावा, तो आता कुणाकडे आहे, खात्री किती. समकालीन लिखित पुरावा असेल तर ‘अ’, दोन जणांनी वेगवेगळं सांगितलेलं ‘ब’, एकाचीच आठवण ‘क’. स्थापनेचं वर्ष ‘अ’ असेल तरच मुखपृष्ठावर घाला. नसेल तर ‘1949-50 पासूनच्या नोंदी उपलब्ध’ असं लिहा. खंड पडलेली वर्षं झाकू नका. त्या काळात कोण शिक्षक नव्हते आणि पुन्हा कुणी सुरुवात केली, हे वाचायला लोकांना आवडतं. अलीकडच्या मुलांची नावं आणि फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नकोत.

पानांची संख्या ठरवताना छापखान्याशी आधी बोला. 16 पानांचा एक फर्मा धरला तर 64 किंवा 80 पानं सोयीची. 67 पानं झाली तर 13 कोरी राहतात किंवा जाहिरातींनी भरावी लागतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, म्हणजे पुढे दुरुस्त आवृत्ती काढताना फाँट बदलण्यात अक्षरं मोडणार नाहीत. छापून झाल्यावर मूळ तक्ता आणि स्कॅन यांच्या दोन प्रती करा, एक शाळेत आणि एक माजी विद्यार्थी संघाकडे, आणि स्मरणिकेची एक प्रत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला नेऊन द्या.